माझी आत्मा

जवळ ये गं नीलू. कागदातून का होईना, पण जवळ ये. आणि आधी बोलणी खा, मग पुढचं वाच. परवा तुझी आई फोनवर सांगत होती, पुण्याला होस्टेलात तू मराठी बोलणंच बंद केलंस. का, तर तू म्हणालीस 'ती दुकान बंद आहे', आणि खोलीतल्या मुली हसल्या. 'ती' दुकान नाही, 'ते' दुकान असतं म्हणे. बस. एवढ्यावरून तोंडाला कुलूप. वेडी कुठली! समोर असतीस तर कान पिळला असता तुझा. ते जमत नाही म्हणून सांगते. तुझ्या आईलासुद्धा हे कधी सांगितलं नाही.

मी सातवीत होते. गणपतीचे दिवस. झाशीत आपल्या मराठी लोकांचं मंडळ होतं, त्याच्या हॉलात मुलींची भाषणं होती. विषय होता 'माझे घर'. मी उभी राहिले. तेल लावून घट्ट वेणी, धुतलेला फ्रॉक. आणि धडाधड बोलायला लागले. माझे दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत फायरमन आहेत. इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकतात. घरी येतात तेव्हा फक्त डोळे पांढरे दिसतात. मग आंघोळ करतात, जेवायला बसतात. ते जेवून उठले की माझी आई म्हणते, आता माझी आत्मा थंड झाली.

"थांब, थांब," पुढच्या खुर्चीवरून आवाज आला. "काय झाली?"

"थंड झाली."

"कोण?"

"आत्मा."

"अगं, आत्मा झाला! आत्मा काय बाई असते, चोळी-बांगडी करायला?"

हॉल हसला. मला कळेना काय चुकलं. शपथ, कळेना.

"कोणाकडून शिकलीस हे मराठी? दूधवाल्या भैयाकडून?"

"आईकडून."

तेव्हा तर लोक पोट धरून हसले. आणि मागे वळून बघायला लागले, ही आई कोण ते. आई अगदी मागे बसली होती, जिथे लोक चपला काढतात तिथे. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून तिने पदर तोंडावर घेतला. आणि नीलू, ती पण हसली. सगळे हसताहेत म्हणून हसली.

ते हसू मी आजपर्यंत विसरले नाही.

ज्या बाईंनी मला थांबवलं त्या रेल्वेच्या एका मोठ्या साहेबांच्या मिसेस. बदली होऊन नुकत्याच आलेल्या. खुद्द पुण्याच्या. मंडळाने आल्या आल्या त्यांना अध्यक्ष केलं होतं. आणि आई चपलांपाशी का बसली होती, ते पण सांगते. आपले पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, असं मंडळात सगळेच सांगायचे. पण कुणाचे घोड्यावर बसून आले, आणि कुणाचे घोड्याचा लगाम धरून पायी. आपले लगामवाले. घोड्यांना खरारा करणारे, लीद काढणारे. घोडे कधीच मेले, फौज गेली, राज्यं गेली. पण मंडळाच्या सतरंजीवर कोण कुठे बसणार ते अजून त्या घोड्यावरून ठरायचं. तिथे कुणी 'मागे बस' म्हणायचं नाही. आईच आपणहून मागे जायची. तिला ते कुणी शिकवलं, माहीत नाही.

बोलीचं म्हणशील तर मार मला दोन्हीकडून होता. शाळा हिंदी. तिथे एकदा बहनजींनी कविता म्हणायला उभं केलं. घसा बसला होता, तर मी म्हटलं, "बहनजी, मेरा आवाज नहीं निकल रहा." सगळा वर्ग खी-खी करायला लागला. हिंदीत आवाज बाई असते. 'मेरी आवाज' म्हणायचं. मुली महिनाभर चिडवत होत्या, "ए मराठिन, तेरा आवाज कहाँ गया?" बघ आता. शाळेत माझा आवाज चुकीचा, मंडळात माझी आत्मा चुकीची. मग मी बोलायचं तरी कशाने?

भाषणं संपल्यावर बाईंनी आईला जवळ बोलावलं. "मुलगी हुशार आहे हो. रविवारी बंगल्यावर पाठवत जा. मी सुधारते हिला."

"हो जी," आई म्हणाली. "किरपा आहे आपली, जी."

"जी-जी नको. 'हो बाई' म्हणावं."

"हो बाई जी."

परत हसणं.

दर रविवारी मी सिव्हिल लाइनच्या त्या बंगल्यावर जायला लागले. पुढे लॉन, बाजूला मोगरा, जाळीचा व्हरांडा. बाई खुर्चीवर, मी पायरीवर. शिकवायच्या छान, खोटं का बोलू? 'ळ' त्यांच्या तोंडून गोल यायचा. पुस्तकं द्यायच्या. फक्त पुस्तक हातात द्यायच्या नाहीत, पायरीवर ठेवायच्या, मग मी उचलायचं. पहिल्यांदा वाटलं, चुकून झालं. मग कळलं, चुकून दर वेळेस होत नाही.

आणि पाहुणे यायचे. पाहुणे आले की बाई म्हणायच्या, "हिला ऐका हं, गंमत आहे. बोल गं, तुझे वडील जेवले की तुझी आई काय म्हणते?"

मी म्हणायची. आत्मा थंड झाली.

पाहुणे हसायचे. मग बाई विचारायच्या, "आणि आता बरोबर काय ते सांग." मी सांगायची, आत्मा थंड झाला. टाळ्या. बशीतलं एक बिस्कीट. पोपटाला मिरची देतात ना, तसं. मी ते खायची, कारण भूक असायची.

पण हे काहीच नाही. खरं दुःख घरी होतं.

आईने माझ्याशी बोलणं बंद केलं. राग नव्हता, काही नाही. वाढायची, वेणी घालायची, डोक्यावरून हात फिरवायची. बोलायची नाही. पाणी हवं का, तर तांब्या पुढे करून भुवई उचलायची. मी विचारलं, "आई, काय झालं तुला?" तिने मान हलवली. मी रडायला लागले तेव्हा कुठे बोलली. हळू, जशी चोरी करते आहे.

"बाईसाहेबांनी सांगितलंय. घरात तुम्ही कमी बोलत जा, मुलीला चिकटतं. तुझी भाषा खराब होईल, बेटा. माझी बोली नको लागू देऊस."

लागू देऊस! जशी काही देवी आली आहे अंगावर. जसं काही विटाळशी आहे आणि कोपऱ्यात बसली आहे. माणसाच्या सावलीचा विटाळ मानतात ते ऐकून होते. माझ्या आईच्या बोलण्याचा विटाळ मलाच होऊ लागला, तो तिने स्वतः मानला, आणि प्रेमाने मानला. ह्याच्यावर काय बोलणार?

मजा अशी की शेजारच्या काकी आल्या की आई बुंदेलीत दणादण बोलायची. काकी म्हणायच्या, "काए बिन्नू, आज का रांधो?" म्हणजे, काय गं बहिणी, आज काय रांधलंस? आणि दोघी खिदळायच्या. मी दारात आले की आई गप्प. काकी एकदा म्हणाल्या, "जा मोड़ी का थानेदार हो गई?" म्हणजे, ही पोरगी काय फौजदार झाली? मी हसले. मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

दादांना तर काही माहीतच नव्हतं. ड्यूटीवरून यायचे, जेवायचे, हात धुवायचे. आणि मग टॉवेल हातात धरून उगाच उभे राहायचे. कशाची वाट बघताहेत ते त्यांना पण कळत नसावं. आईचं ते 'आत्मा थंड झाली' यायला हवं असायचं, ते यायचं नाही. मग टॉवेल दोरीवर टाकायचे आणि खाटेवर पडायचे. एक दिवस म्हणाले, "ह्या घरात आलं की वाटतं, कोणाची मयत उठली आहे आत्ताच." आईने ताटं उचलली. एका खोलीत तिघं, आणि बोलणारं कोणी नाही.

पुढच्या वर्षी परत गणपती आले. ह्या वेळेस मुंबईहून कोणी मोठे पाहुणे येणार होते. बाईंनी माझं भाषण स्वतः लिहून दिलं, पाठ करून घेतलं. नवीन फ्रॉक दिला, त्यांच्या मुलीचा जुना. हॉल भरलेला. आई तिथेच, चपलांपाशी. बाई माइकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या मुलीचे वडील इंजिनावर कोळसा टाकतात. आम्ही कोळशातून हिरा काढलाय."

टाळ्या. दादा तेव्हा लाइनवर होते, बरं झालं.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आधी पाहुण्यांना जुनं ऐकव. तुझी आई कशी बोलते ते. अगदी तसंच कर हं, पदर वगैरे घेऊन. मग आपलं भाषण."

मी माइकजवळ गेले. म्हणणारच होते, खरं सांगते. सवय लागली होती. तोंड उघडलं आणि नजर मागे गेली. आईने पदर उचलला होता. तोंडाजवळ नेला होता. अजून कोणी हसलं नव्हतं, मी एक अक्षर बोलले नव्हते, आणि ती हसायची तयारी करत होती. स्वतःवर.

माझ्या आत काहीतरी तुटलं. का जुळलं, देव जाणे.

"नाही बोलणार," मी म्हटलं.

"काय?"

"आईची नक्कल नाही करणार."

"अगं, नक्कल कसली, गंमत..."

"माझी आत्मा आहे. माझी. 'माझा' नाही म्हणणार."

माइक चालू होता. माझा आवाज हॉलभर फिरला. माझी आवाज. जे काय असेल ते. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. बाईंचा चेहरा लाल झाला, आणि एवढं शुद्ध बोलणारी बाई, तिच्या तोंडून निघालं, "शेवटी लीद काढणाऱ्यांचंच रक्त."

कोणी हसलं नाही. कोणी उठलं पण नाही. एवढी माणसं होती, पूजा-आरती करणारी, कोणी म्हणालं नाही की बाई, हे बरं नाही. ते पण मी विसरले नाही.

मी खाली उतरले. मधून चालत गेले, लोकांनी पाय आवरून घेतले. आईचा हात धरला, चपला घातल्या, आणि बाहेर.

आता तुला वाटेल, आईने मला पोटाशी धरलं असेल. गोष्टीत तसं असतं. आई रस्त्याने भरभर चालत होती, माझा हात सोडून. सिपरी बाजाराच्या वळणावर थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "काहे को बोली तू? क्या जरूरत थी?"

हिंदीत. माझ्याशी. माझी आई.

त्या दिवसापासून ती माझ्याशी हिंदीच बोलली, नीलू. तिची बोली मला लागू नये, आणि पुण्याची तिला येत नव्हती, तर तिने तिसरीच धरली. माझ्या लग्नात हिंदी. तुझी आई झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन हिंदी. मी किती वेळा म्हटलं, आई, बोल ना आपलं. हसायची आणि म्हणायची, "अब कहाँ, बेटा." रेल्वेच्या हॉस्पिटलात शेवटचे दिवस काढत होती, मी उशाशी होते. डोळे उघडून म्हणाली, "पानी." मी वाट बघितली. देवाला हात जोडून वाट बघितली, की एकदा तरी 'पाणी' म्हणेल. घरातला 'ण' एकदा तरी येईल. नाही आला.

मी स्टेजवर नाही म्हटलं, ते चांगलं केलं. पण एक वर्ष उशीर झाला होता. तेवढ्यात एक बाई मुकी झाली.

मंडळाने मला परत बोलावलं नाही, मी गेले नाही. शाळा पण आठवीनंतर सुटली. पुढचं वाचन मी रद्दीतून केलं. मुंबईच्या गाड्यांत लोक मराठी पेपर टाकून जायचे, दादा ते घेऊन यायचे, कोळशाच्या बोटांचे ठसे असलेले. लिहायला मला कोणी शिकवलं नाही. म्हणून जशी बोलते तशी लिहिते.

आता नीट ऐक. मी बाईंना दुष्ट म्हणत नाही. तुझ्या त्या मुली पण दुष्ट नसतील. हसतात, कारण त्यांना कोणी अडवत नाही. शिकायचं असेल तर शीक, 'ते दुकान' म्हण, काही बिघडत नाही, शिकण्यात कमीपणा नाही. पण गप्प बसायचं नाही. त्यांच्याबरोबर स्वतःवर हसायचं तर मुळीच नाही. आपल्या घरातली एक बाई गप्प झाली. दुसरी मी होऊ देणार नाही.

फोनवर हे तुझ्या आईला वाचून दाखवलं, तर म्हणते, अम्मा, हे छापायला देऊ. देऊ दे. पण छापणाऱ्यांना सांगून ठेव, कोणी लाल शाईने माझी आत्मा पुल्लिंगी केली, तर मी कागद परत घेईन. नाही छापलं तरी चालेल. मी चुकते, चुकत राहीन, माफी मागणार नाही. मरेपर्यंत नाही.

आणि तू ये गं लवकर. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत थांबू नकोस. रिझर्वेशन नाही मिळालं तर जनरलमध्ये बसून ये, आपण रेल्वेवाल्यांची माणसं, आपल्याला काय त्याचं? बरुआसागरचं आलं आणून ठेवलंय, चाय करीन. गुडघे दुखतात, तरी स्टेशनवर मी येईन. पण एक सांगून ठेवते. डब्यातून उतरताना बोलत उतर, जोरात, हवं तसं, दहा चुका कर. गप्प उतरलीस, तर त्याच गाडीत परत बसवीन तुला.