टाळ्या खुर्च्यांना पडल्या

माझ्या थोरल्या बहिणीचं पाठांतर म्हणजे गळकं मडकं. तरी नाटकाचं वेड! ताई एका नाटक कंपनीत शिरली, आणि तिथल्या दिग्दर्शकांनी, म्हणजे सरांनी, चार तालमींतच तिचं पाणी जोखलं. मग तिला नर्स, शेजारीण, वाट चुकलेली बाई अशी न बोलणारी कामं मिळायला लागली. आई म्हणायची, "घरी तोंडाचा पट्टा चालू, आणि तिकीट काढून बघायला जावं तर गप्प!"

एका नाटकात दर अंकाला घर बदलायचं होतं. अंधूक उजेडात नटांनीच पलंग, टेबल, खुर्च्या हलवायच्या. रोज कुणीतरी ठेचकाळायचं. एकदा नायकाच्या पायावर कपाटच आलं. सर डोक्याला हात लावून बसले.

"सर, मी बसवून बघू?" ताईनं विचारलं.

तिनं सगळ्यांना श्वासावर चालवलं. "श्वास घेताना उचला, सोडताना वळा. आणि खुर्ची झोपलेल्या पोरासारखी धरा." नट आधी फिदीफिदी हसले. पण प्रयोगात सामान हलायला लागलं तसं प्रेक्षागृह चिडीचूप झालं, आणि शेवटची खुर्ची टेकल्याबरोबर टाळ्या पडल्या.

"घसा मी फोडायचा आणि टाळ्या खुर्च्यांना!" नायक विंगेत करवादला.

सरांनी ताईला बाजूला घेतलं. "तू चुकीच्या दारातून आत आलीस गं. नाच शीक."

"या वयात?" ताई तिशीला टेकली होती.

"मग काय, पुढच्या जन्मी?"

ती एका बाईंकडं समकालीन नृत्य शिकायला लागली. वर्गातली पोरं वेतासारखी वाकायची, ताई उठता-बसता कण्हायची. तिचे काळेनिळे गुडघे बघून भावोजी म्हणाले, "नाचलीस की जिन्यावरून पडलीस?"

"सध्या तरी दोन्ही एकच आहे," ताई म्हणाली.

पण ती टिकली. पुढं त्याच बाईंच्या संचात कितीतरी वर्षं नाचली, गावोगाव फिरली. खोड एकच. ऐन तालमीत रांग सोडून मागं जायची आणि लांबून बघत उभी राहायची. बाई एकदा वैतागल्या. "तू नाचतेस की बघतेस?"

ताई म्हणाली, "खरं सांगू? बघताना जास्त मजा येते."

"मग पुढचा नाच तूच बसव," बाई म्हणाल्या.

त्या सुमारास आमचे बाबा खचले होते. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. पाहुणे आले की ते तो खिशात घालून बसत. ताई त्यांच्यापुढं जाऊन बसली. "बाबा, ही थरथर मला नाचात घेऊ द्याल?"

"घे बाई. मला तिचा काय उपयोग?" बाबा हसले, कितीतरी दिवसांनी.

नाचात थरथर एकीच्या बोटात सुरू व्हायची, मग शेजारणीच्या मनगटात, तिथून खांद्यांत, आणि बघता बघता सगळा संच वाऱ्यातल्या शेतासारखा हलायला लागायचा. पहिल्या प्रयोगाला बाबा पुढच्या रांगेत होते. मी शेजारी होतो. ते रडले नाहीत. नुसते पुढं झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत राहिले.

आता ताईचा स्वतःचा संच आहे, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर तालीम चालते. बाबा बऱ्याचदा तिथं जाऊन बसतात. परवा त्यांनी एका मुलीला थांबवलं.

"पोरी, आज घाई केलीस. थरथर अशी पळत नाही. ती रेंगाळते."

मुलीनं ताईकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतेस?" ताई म्हणाली. "ते सांगतात तसं कर."