पट्टीने काढलेलं चित्र

"मास्तर, फौजदारसाहेब ऊनात. तुमना चित्रपुढे उभा शेतस. तुमले बलाई ऱ्हायनात," शिपाई आबा दारातून म्हणाले. फौजदार आलेत आणि मलाच बोलावताहेत म्हटल्यावर माझ्या हातातला खडू फळ्यावरच मोडला.

धुळ्याच्या एका हायस्कुलात मी ड्रॉइंग टीचर होतो. चलेजावचे दिवस होते. रोज कुठेतरी तारायंत्राच्या तारा तुटत, रोज कुणीतरी आत जाई. आणि मी ड्रॉइंग हॉलमध्ये माझं नवं चित्र टांगून बसलो होतो. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

चित्र अमूर्त होतं. म्हणजे त्यात झाड नाही, माणूस नाही. मुंबईला शिकताना एका परदेशी मासिकात तसलं पाहिलं आणि मला वेड लागलं. काळ्या रेषा, त्यांच्यामध्ये लाल, निळे, पिवळे चौकोन. सगळी गंमत रंगांच्या वजनाची. लाल जड, म्हणून तो थोडाच; समोर पांढरा भरपूर. तो तोल साधायला मला तीन महिने लागले होते.

हॉलमध्ये हेडमास्तर नाना घाम पुसत होते. फौजदारांनी छडी निळ्या पट्ट्यावर टेकवली.

"ही पांझरा नदी?"

"नाही साहेब, नुसता निळा रंग."

"आणि ही लाल कचेरी? या काळ्या तारा?"

"साहेब, हे चित्र आहे."

"चित्र कुणी पट्टीने काढतं? पट्टीने नकाशा काढतात."

घरी बायकोचे दिवस भरत आले होते. मी आत गेलो तर तिला कोण? सुचेल ते बोललो.

"साहेब, नकाशाला उत्तर दिशा लागते. हे कसंही टांगा."

त्यांनी चित्र उलटं धरलं, आडवं धरलं. कुठूनही तोल ढळला नाही. एवढ्या भीतीतही मला बरं वाटलं.

"मग हे आहे तरी काय?"

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "सतरंजीचं डिझाइन, साहेब. ड्रॉइंगच्या परीक्षेला असतं."

फौजदार माझ्याकडे वळले. "खरं?"

"हो."

"लिहून द्या. हे चित्र नाही म्हणून."

दिलं. खाली सहीही केली.

कागद घेऊन ते गेले. नोकरी राहिली. महिन्याभरात मुलगी झाली. धडा म्हणाल तर, दिवस वाईट असताना हायस्कुलात पट्टीचं काम टांगू नये. पण आजही लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. फौजदारांना तो नकाशा वाटला, नानांना सतरंजी सुचली. ते चित्र आहे हे त्या हॉलमध्ये एकट्या मला ठाऊक होतं, आणि नाही असं लिहून दिलं ते मीच.