हरलेल्यांच्या बाजूने

मारामारीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा होती. एकही सामना न हरता अंतिम फेरीत पोचलेली माझी ऋता एसीत बोटं गारठू नयेत म्हणून हात काखेत धरून बसली होती.

इथे एकदा हरल्यावर लगेच घरी जात नाहीत. हरलेल्यांचे आपापसात वेगळे सामने होतात; त्या हरलेल्यांच्या बाजूने जिंकत जिंकत पुन्हा अंतिम फेरीपर्यंत येता येतं.

"आई, सकाळी मी जिला हरवलं ना, तीच येतेय," ऋता हळूच म्हणाली.

आपण हरवलेली माणसं जातात कुठे? आपण जिंकून निवांत बसतो, तेव्हा ती कुठेतरी आपलाच अभ्यास करत असतात.

न थांबता खेळत आलेली ती मुलगी शेजारी बसली. सामन्याआधीच्या रिवाजाप्रमाणे तिने ऋताचा हात आपल्या गरम हातात घेतला आणि अगदी मायेने म्हणाली,

"किती गार पडलाय गं!"