पडद्याआडून गेलेले गाणे

बॅटरीकाकांची ओळख या लिहिणारीला एका चित्रपटगृहात झाली. खेळ सुटल्यावर ती तेथे झाडलोट करीत असे आणि काका अंधारात बॅटरीच्या उजेडाने लोकांना जागा दाखवीत. पुढील हकीकत काका आणि काकू या दोघांनी वेगवेगळी सांगितली. दोघांचे जेथे जुळले, तेवढेच येथे लिहिले आहे.

काकांची सारी नोकरी पडद्याकडे पाठ करून झाली. मागे सिनेमा चाले आणि समोर प्रेक्षकांचे चेहरे उजळत, मावळत. कोण हसले, कोणी हळूच डोळे पुसले, हेच ते पाहत असत.

त्या वर्षी एक हिंदी चित्रपट लागला. मध्यंतराच्या थोडे आधी त्यात एक गाणे येई. त्यात तबला नव्हता, ढोलक नव्हता. ड्रमवर कुंचला फिरवल्यासारखी सळसळ होई, खाली एका मोठ्या तंतुवाद्याच्या जाड तारा सावकाश पावले टाकीत, आणि सॅक्सोफोन नुकताच झोपेतून उठल्यासारखा आळस देई. गाणारी बाई शब्द हातातून सोडून देई आणि खाली पडण्याआधी अलगद झेलून घेई. वरच्या खोलीत रिळे चढवणारा ऑपरेटर नाक मुरडून म्हणे की हे गाणे नव्हे, बाजा आजारी पडला आहे.

काकू तिकीटखिडकीवर बसत. उशिरा येणाऱ्यांसाठी मध्यंतरापर्यंत खिडकी उघडी ठेवावी लागे, त्यामुळे त्यांच्या वाट्याला भिंतीपलीकडची धडधड तेवढी येई. एके दिवशी कोणी दार उघडले आणि सॅक्सोफोनची एक ओळ बोळातून थेट खिडकीपर्यंत गेली. काकूंचा तिकीट फाडणारा हात तसाच राहिला. घरी जाताना त्या काकांना म्हणाल्या, “एकटी बसले होते ना, तर कुणीतरी मागून येऊन हळूच विचारल्यासारखं वाटलं, बरी आहेस ना?”

लग्नाला इतकी वर्षे झाली, पण काकूंनी काही मागितल्याचे काकांना आठवत नव्हते. आताही त्यांनी मागितले नव्हतेच. तरी दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खेळाला गाणे सुरू झाले की काका दार ढकलून धरीत, दारावरचा जाड पडदा खांद्याने बाजूला सारीत आणि बोळाच्या टोकाला बसलेल्या काकूंकडे पाहत उभे राहत. तेवढ्या वेळापुरती त्यांची प्रेक्षकांकडेही पाठ होई. दुरून काकूंची मान किंचित कलताना दिसे, आणि काकांना आपण पाण्यावर उभे आहोत असे वाटे.

गाणाऱ्या बाईच्या साडीचा रंग कोणता, असे काकू विचारीत. काका एक दिवस निळा सांगत, एक दिवस गुलाबी. शेवटी काकू म्हणाल्या की त्या बाईच्या साडीवाल्याची चांगलीच चंगळ झालेली दिसते. तेव्हा काकांनी कबूल केले की ती बाई त्यांनीही कधी पाहिलेली नाही.

मग मॅनेजरसाहेबांनी काकांना बोलावले. त्या गाण्याला माणसे उठून बाहेर येतात, हे त्यांनी रोज पाहिले होते. लोकांना गाणे रुचत नाही, तेव्हा उद्यापासून ते रिळातून कापावे, असा हुकूम निघाला. ऑपरेटर म्हणाला की त्या वेळी बाहेर गिऱ्हाईक मिळणारा एकटा चहावालाच काय तो रडेल. त्यांनी खिडकीशी जाऊन काकूंना सांगितले.

“आज पडदा धरू नका,” काकू म्हणाल्या. “तुम्ही तरी एकदा समोर बघून ऐका.”

दुपारच्या खेळाला काका सर्वांत मागच्या खुर्चीवर बसले. गाणे आले. गाणारी बाई साडीत नव्हतीच. ती काळ्या झग्यात पियानोला टेकून उभी होती. काकांना हसू आले. मग सवयीने त्यांची नजर माणसांकडे वळली. कपाळाला आठ्या घालणारे एक आजोबा होते, पण त्यांची काठी जमिनीवर हलकेच ताल धरत होती. एका बाईचे बाळ रडता रडता थांबले आणि उजेडातल्या धुळीकडे पाहत राहिले. कोणी गालाला हात लावून बसले होते, कोणी शेजारणीच्या खांद्यावर डोके टेकले होते. सगळे प्रेक्षागृह एकाच श्वासाने वरखाली होत असल्यासारखे भासत होते.

गाणे संपले. एकही माणूस उठला नव्हता.

काका दाराकडे पाहत राहिले. पडदा आज सरळ लोंबत होता आणि बोळातला उजेड बाहेरच अडला होता. रोज तो उजेड कडेच्या खुर्च्यांवर पडे. मध्यंतर झाले असे समजून तेथली माणसे उठत, आणि त्यांना पाहून बाकीची.

काका तसेच मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेले आणि त्यांनी सर्व खरे सांगितले. साहेब कपाळावर हात मारून म्हणाले, “म्हणजे काका, लोकांना गाण्यानं नाही, तुम्ही उठवलंत!”

“होय, साहेब,” काका म्हणाले. “गाणं राहू द्या. मी पडदा धरणार नाही. फक्त तेवढ्या वेळापुरती खिडकी बंद ठेवून हिला आत बसू द्या.”