उपड्या पातेल्याचा आवाज

आमच्या इमारतीत पाणी कधी येईल हे कुणीच सांगू शकत नाही. कधी सकाळी, कधी भर दुपारी, आणि आलं तरी जेमतेम अर्धा तास. म्हणून नालासोपाऱ्यातल्या आमच्या घरांत एक पद्धत पडली आहे. मोरीतला नळ उघडा ठेवायचा आणि खाली स्टीलचं पातेलं उपडं घालायचं. पाणी पडलं की ते ताडताड वाजतं, आणि घरात असेल तो हातातलं टाकून धावतो. कित्येक वर्षं माझ्या कानांना दुसरं कामच नाही.

मुलीच्या शाळेतून बोलावणं आलं तेव्हा मात्र मी हादरले. ती पाचवीत आहे. वर्गात दचकते, बाहेर कुणी नळ सोडला की बाकावरून उठते. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी माझ्याकडेच रोखून पाहिलं. "आई शांत असेल तर मूल शांत असतं. आधी तुमची मज्जासंस्था सांभाळा."

म्हणजे पाणी न देणारे राहिले बाजूला, दोषी मी! चोर सोडून संन्याशाला फाशी! पण प्रश्न लेकीचा होता. राग गिळला आणि त्यांनी सुचवलेल्या, राजोडीला रविवारी भरणाऱ्या मन शांत करण्याच्या वर्गात नाव घातलं.

किनाऱ्याजवळ सुरूच्या सावलीत सतरंज्या अंथरलेल्या होत्या. शिकवणारी मुंबईहून आलेली, आवाज मधाळ. श्वास सावकाश सोडा, शरीराला सांगा, आता कसलाच धोका नाही. मी मनापासून सांगत होते. खांदे उतरले, आवळलेले दात सुटले. खरंच बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात कुंपणापलीकडे पंप सुरू झाला आणि रिकाम्या पिंपात पाणी ताडताड पडायला लागलं.

"पाणी आलं!" मी ओरडत उभी. डोळे उघडून बघते तर निम्म्या बायका उभ्या. एकीने तर ओढणीही खोचली होती. पलीकडची वाडीवाली म्हातारी हसायला लागली. "बसा गो बाय, ते आमच्या वाडीचं पानी हाय."

शिकवणारीही हसली. म्हणाली, "बघा, धोका नव्हताच. तुमच्या शरीराला जुन्या गोष्टी सोडता येत नाहीत."

जुन्या? अहो, कालच आमचं पिंप कोरडं होतं! उद्याचं माहीत नाही. माझं शरीर बावळट नाही, ते रोजचा अनुभव बघून वागतं. त्याला धोका नाही म्हणून सांगायचं आणि संध्याकाळी पुन्हा नळाखाली पातेलं उपडं घालायचं, मग त्याने माझ्यावर विश्वास तरी कसा ठेवावा? मज्जासंस्था फार गुंतागुंतीची असते म्हणे. माझी तर एकच साधा प्रश्न विचारते, पाणी कधी येणार? ज्यांनी उत्तर द्यायचं, त्यांना कुणी सतरंजीवर बसवत नाही. श्वास मोजायचे आम्हीच.

तरी घरी येऊन मी डोळे मिटून बसले. लेकीसाठी काय वाटेल ते करीन. श्वास आत, श्वास बाहेर. मोरीत खुडबुड झाली म्हणून पाहिलं, तर अभ्यासाचं पुस्तक घेऊन ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली होती. नळ उघडला होता, पातेलंही नीट उपडं घातलं होतं.

"आई, तू कर ना तुझं शांत व्हायचं," ती म्हणाली. "मी ऐकतेय."