निघणारी लेन्स

आमच्या काकांचा कुणावर म्हणून विश्वास नाही. कारखान्याच्या फाटकावर सुटणाऱ्या कामगारांच्या पिशव्या तपासण्यात त्यांनी उभी हयात घालवली. डब्यात हात, छत्रीत हात, वेळ आली तर बुटातही हात. काका निवृत्त झाले, पण तो हात काही निवृत्त झाला नाही. काकू बाजारातून आली की हे दारात उभे. "बघू, काय काय आणलंस?" म्हणत पिशवी तळापर्यंत उपसायचे. माझं तर डोकंच फिरायचं. काकू मात्र मुकाट्याने पिशवी पुढे करायची.

त्याच काकूने एकदा जेवताना सांगून टाकलं, "मला कॅमेरा घ्यायचाय. लेन्स बदलता येते, तसला." वाचनालयातल्या फोटोग्राफीच्या वर्गाला मी तिला ओढून नेलं होतं. माझ्याच कॅमेऱ्यावर शिकता शिकता तिला माणसांचे चेहरे टिपायचं वेड लागलं. "जन्मात काही मागितलं नाही," ती काकांना म्हणाली. "आता नाही म्हणालात तर परत तोंड उघडायची नाही."

ती खरंच उघडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर धाकधूक.

"चला, बघून येऊ," काका म्हणाले. इतक्या सहज? पाणी कुठेतरी मुरत होतं.

दुकानदाराने कॅमेरा काढला आणि फिरवून लेन्स वेगळी केली. काकांचे डोळे बारीक झाले.

"हे निघतं?"

"निघतं ना काका, तीच तर गंमत आहे."

"जे निघतं ते चोरीला जातं. फाटकावर हेच बघत आलोय मी." त्यांनी लेन्स कानाशी धरून हलवली, मग उजेडात धरली. "आत धूळ आहे."

"ती तुमच्या चष्म्यावर आहे," काकू म्हणाली.

काकांनी ऐकलंच नाही. "लेन्स पक्की बसवलेला साधा कॅमेरा दाखवा. ही सुटी भानगड नको." अच्छा, म्हणजे हा बेत होता तर!

काकूचा चेहरा पडला. तिने पर्सची चेन ओढून घेतली. "राहू दे. चला घरी."

"अहो काका, निदान वापरून तरी बघू द्या तिला!" मी ओरडलेच. दुकानदार बिचारा दचकला. "दोन लेन्स देतो, दोन्हींनी एकेक फोटो काढून बघा," तो घाईघाईने म्हणाला.

पहिल्या लेन्समध्ये सगळं दुकान आलं. कपाटं, पंखा, मी आणि कोपऱ्यात कुठेतरी काका. दुकानदाराने दुसरी लेन्स चढवली, तेव्हा काका काउंटरवर वाकून खोक्याचं सील तपासत होते. काकूने तेवढंच टिपलं. मागचं सगळं धूसर झालं आणि काकांचा चेहरा तेवढा उरला. बारीक केलेले डोळे, आवळलेले ओठ.

काकांनी चष्मा पुसून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मी असा बघतो?"

"फाटकावरचं मला माहीत नाही," काकू म्हणाली. "दारात मात्र रोज असंच बघता."

आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांनी वाद घातला असता.

"तुला कुठली हवी?" त्यांनी विचारलं.

"हीच."

"हीच द्या," ते दुकानदाराला म्हणाले. पण स्वभावाला औषध नाही! लगेच पुढे, "ही नको, नवीन खोक्यातली काढा. हिला किती जणांनी हाताळलंय कोण जाणे."

पुढच्या वर्गाहून मी काकूबरोबर घरी आले, तर काका दारातच. तिच्या खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी. सवयीने काकांचा हात पुढे आला. मी दातओठ खाल्ले. हात अर्ध्यावर थांबला, मग त्यांच्या खिशात गेला.

"काय काढलंस आज? दाखवशील?"

"दाखवेन," काकू म्हणाली. "वाटलं तर."

काका बाजूला झाले, आणि काकू पहिल्यांदाच बंद पिशवी घेऊन घरात गेली.