सुभेदार निवडून येत नाही, असा माझा रिपोर्ट

"एका ओळीत सांगा, देशपांडे. हा माणूस येतो का नाही?"

मामलेदारसाहेबांनी फाईल माझ्यापुढं सरकवली. आत दोन उमेदवारी अर्ज होते आणि दुसऱ्या अर्जावर एक हरकत टाचणीनं लावलेली होती. मी फाईल न उघडताच म्हणालो, "येत नाही साहेब."

माझ्या नोकरीतली ही सगळ्यात मोठी चूक. ती करायला मला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. पुढचे पंधरा दिवस मी त्या चुकीला पुरावे गोळा करत हिंडलो.

गोष्ट चाळीस सालाच्या थोडी आधीची. आमचं घर भोरला. मी त्या भागातल्या एका कचेरीत अव्वल कारकून होतो. अव्वल कारकून म्हणजे मामलेदाराच्या हाताखालचा पहिला माणूस. काम त्याचं, सही साहेबांची. कचेरी कुठली आणि बोर्ड कुठलं ते लिहीत नाही. माणसं गेली, पण त्यांची मुलं-नातवंडं आहेत.

तालुका बोर्ड रस्ते, विहिरी, शाळा पाहायचं. त्याचा प्रेसिडेंट तोवर वरून नेमला जाई. त्या वर्षी पहिल्यांदाच तो मतदारांनी निवडायचा असं ठरलं. मत सगळ्यांना नव्हतं. ठरावीक सारा भरणाऱ्या खातेदारांनाच होतं. पण तेवढ्यानंही वरच्या ऑफिसला झोप लागत नव्हती, कारण उभे राहिले होते धोंडिबा सुभेदार.

सुभेदार पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. पहिल्या महायुद्धात समुद्रापार जाऊन आलेले. उंच, काळे, आवाज असा की नदीच्या अल्याड बोलले तर पल्याडच्या म्हशी बिचकाव्यात. त्यांनी आपली विहीर महारवाड्याला मोकळी केली होती. त्यावरून निम्म्या भावकीनं त्यांच्याकडं जाणंयेणं बंद केलं. पाटलांना ते बांडगुळं म्हणत, वकिलांना गोचीड म्हणत, आणि आम्हा कारकुनांना जे म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही. काही घरांत त्यांचं नाव देवानंतर घेतलं जाई, काही घरांत अंघोळीच्या आधी, विटाळ लगेच धुतला जावा म्हणून. मधलं कुणी नव्हतं.

त्यांच्याविरुद्ध उभे होते रावसाहेब. भोरातले वकील. मऊ बोलणारे, कुणाला कधी न दुखावणारे.

हरकत होती ती नावाची. मतदार यादीत 'धोंडू बिन तुकाराम' आणि अर्जावर 'धोंडिबा तुकाराम'. कायद्यानं अर्ज नामंजूर करता आला असता, मंजूरही करता आला असता. वरून तोंडी निरोप आला होता. सुभेदार निवडून येणार असेल तर हरकत मान्य करा. येणार नसेल तर उगाच अर्ज फेटाळून बोभाटा करू नका. म्हणजे सगळं माझ्या एका ओळीवर आलं होतं.

दुपारच्या चहाला कचेरीत याच विषयावर खल चालायचा. मी नेहमी बोलणारा. ऐकणारे आमचे नाझर बापूराव. नाझर म्हणजे खजिन्याच्या किल्ल्या सांभाळणारा. त्यामुळं त्यांना कमी बोलायची सवय.

"ज्याला निम्मा तालुका शिव्या देतो तो निवडून येत नाही," मी म्हणालो.

"आणि बाकीचा निम्मा?"

"तो काठावरचा. काठावरचे लोक नेहमी सभ्य माणसाकडं झुकतात. रावसाहेबांना शिव्या देणारा एक तरी माणूस दाखवा."

"रावसाहेबांना ओळखणारा दाखवा आधी," बापूराव म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली.

बाकीचे सगळे हसले. मीही हसलो. हे वाक्य लिहून ठेवायला हवं होतं. पण आपल्यापेक्षा खालच्या ग्रेडचा माणूस शहाणं बोलला की ते विनोदात जमा करायची माझी पद्धत होती.

घरीही तेच. आमच्या बायकोचं म्हणणं पडलं, "बाजारात हिरडा घेऊन येणाऱ्या बायका म्हणतात, सुभेदारच येणार."

"बायकांना मत कुठं आहे?"

"त्यांच्या घरात ज्याला आहे, त्याला भाकरी त्याच वाढतात ना?"

मी पान खायला बाहेर पडलो.

साहेब म्हणाले, "तोंडी नको. फिरती करा, लोकांशी बोला आणि कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट द्या." मला आनंद झाला. माणसाचं मन मी चेहऱ्यावरून ओळखतो, अशी माझी माझ्याबद्दल ठाम समजूत होती.

पहिला मुक्काम आंबवड्याला. देवळापुढं सुभेदारांची सभा होती. मी लांब एका वडाखाली उभा राहिलो. लपून पाहतोय असं मला वाटत होतं. अंगात कोट, डोक्यावर पगडी, हातात छत्री आणि मागं पट्टेवाला शिपाई. सुभेदारांनी मला पाहताक्षणी हात केला.

"आलं बगा सरकार! या, फुडं बसा. तुमच्याबद्दलच बोलतोय."

मी हललो नाही. मग ते गावकऱ्यांकडं वळले.

"तुमी गोड बोलनाऱ्याला मत द्या, माजी ना न्हाई. पन मला दिलं तर एक सांगतो, ह्या तालुक्यात वेठ ऱ्हानार न्हाई. म्या भांडीन. तुमच्यासाठी भांडीन आनि तुमी चुकला तर तुमच्यासंगट बी भांडीन. देवळाफुडं हितं समद्यांसमोर सांगतो, तुमच्यातले निम्मे भित्रे हायती!"

हे ऐकून गावच्या पाटलाच्या बाजूची माणसं उठली आणि निघून गेली. मी डायरीत लिहिलं : 'निम्मी सभा उठून गेली.' खाली दोन रेघा ओढल्या. ती माणसं देवळाच्या मागं भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत बसली होती, हे मला नंतर कळलं. मी मागं जाऊन पाहिलंच नाही. पलीकडं ऊन होतं.

आता वेठ म्हणजे काय ते सांगायला हवं. सरकारी अंमलदार फिरतीवर निघाला की त्याचं सामान एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवायचं ते गावकऱ्यांनी, फुकट. घरटी पाळी असायची. पेरणी असो, लावणी असो, पाळी आली की माणूस द्यायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. सूर्य उगवतो तशी वेठ येते.

माझं सामानही बेताचं नव्हतं. वळकटी, घडीचं टेबल, दप्तराची पेटी, स्टोव्ह, आणि तांब्याचं एक मोठं घंगाळ. मला सकाळी कढत पाण्यानं अंघोळ लागे आणि गावच्या भांड्यातलं पाणी चालत नसे.

मार्गासनीपर्यंत बैलगाडी, पुढं पायी. पालीच्या चावडीत मी लोकांना बोलावलं. पाटील माझ्या शेजारी बसला होता, शिपाई दारात उभा. मी एकेकाला विचारलं, "सुभेदार निवडून येतील का?"

"न्हाई जी."

"तू मत कुणाला देणार?"

"सरकार सांगंल त्येला."

तिसऱ्याचंही तेच, दहाव्याचंही तेच. एवढं एकमत मी कचेरीतसुद्धा पाहिलं नव्हतं. मला वाटलं, काम फत्ते.

वेल्ह्यावरून पासलीकडं जाताना चढ लागला. डोंगरात भाताची कापणी चालू होती. माझं घंगाळ ज्याच्या डोक्यावर होतं त्या माणसाचं नाव सखाराम. स्वतःचं भात उभं टाकून तो पाळीला आला होता. घंगाळात मी स्टोव्ह आणि डाळ-तांदळाची पिशवी ठेवली होती, म्हणजे जागा वाया जायला नको. मी छत्री घेऊन त्याच्या बाजूनं चालत होतो. म्हटलं, चावडीबाहेर मोकळेपणानं बोलेल.

"काय सखाराम, सुभेदार येतो का रे निवडून?"

"कशाचा येतोय सायेब."

"का बरं?"

तो थांबला. घंगाळ दोन्ही हातांनी सावरलं. मान वळवता येत नव्हती म्हणून समोर बघतच बोलला.

"त्यो म्हंतो, वेठ बंद करीन. आता वेठ बंद झाली तर सायबांचं घंगाळ कोन आनंल? लोकांला कळत न्हाई व्हय?"

मी खूश झालो. इतका खूश झालो की हे वाक्य मी जसंच्या तसं रिपोर्टात घातलं. वर लिहिलं, 'डोंगरी भागातील रयत राजनिष्ठ असून वेठ ही आपलीच सोय आहे असे समजते.' शेवटची ओळ मला आजही पाठ आहे : 'सदर इसम तोंडाळ असून त्याचे नाव निघताच निम्मे लोक उठून जातात; सबब तो निवडून येण्याचा संभव नाही.'

बापूरावांनी रिपोर्ट वाचला. चष्मा काढून पुसला.

"देशपांडे, हे घंगाळाचं गाळा."

"का? सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे."

"बरं," ते म्हणाले.

साहेबांनी हरकत फेटाळली. सुभेदारांचा अर्ज राहिला.

मतदानाच्या दिवशी मी पालीच्या केंद्रावर पोलिंग ऑफिसर होतो. बहुतेकांना लिहितावाचता येत नसे, म्हणून पेट्यांना रंग दिलेले. रावसाहेबांची पेटी लाल, सुभेदारांची हिरवी. दोन्ही पेट्या पडद्याआड. मतदारानं माझ्याकडून चिठ्ठी घ्यायची, पडद्यामागं जायचं आणि हव्या त्या पेटीत टाकायची. कोणत्या पेटीत टाकली ते कुणालाच दिसायचं नाही.

सकाळपासून रांग होती. लोक डोंगरावरून उतरत होते, धुतलेली मुंडाशी बांधून. प्रत्येक जण मला वाकून रामराम करत होता. सखारामही आला, वाकला, चिठ्ठी घेतली. एवढा मान पाहून मी मनात रावसाहेबांची मतं मोजत होतो.

संध्याकाळी पेट्यांना लाख लावली आणि शिपायाला म्हटलं, गाडीत ठेव. लाल पेटी त्यानं काखेत मारली. हिरवी उचलायला दोन्ही हात लावले.

"जड आहे का रे?"

"व्हय सायेब. गच्च भरलीय. हालवली तरी वाजत न्हाई."

मी बाहेरच्या दगडावर बसलो. सखाराम अजून तिथंच रेंगाळत होता. मी त्याला जवळ बोलावलं.

"सखाराम, खरं सांग. तू मला त्या दिवशी खोटं का बोललास?"

तो घाबरला नाही. थोडा ओशाळला, एवढंच.

"सायेब, तुमी इचारलं तवा माज्या डोक्यावर तुमचं घंगाळ हुतं. त्ये घिऊन म्या काय बोलनार?"

मी उठून गाडीत बसलो.

मोजणी झाली. सुभेदार मोठ्या फरकानं आले. आंबवड्याच्या केंद्रावर तर, जिथली निम्मी सभा उठून गेली होती, तिथं हिरवी पेटी सगळ्यात जड निघाली.

साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर माझा रिपोर्ट होता. वरच्या ऑफिसानं घंगाळाच्या वाक्याखाली तांबड्या शाईनं रेघ मारून परत पाठवला होता. बाजूला एकच शब्द होता : 'खुलासा'.

"काय लिहू याच्यावर?" साहेबांनी विचारलं.

"चूक झाली साहेब."

"चूक नाही, देशपांडे. चूक आकड्यात होते. तुम्ही त्या माणसाच्या डोक्यावर ओझं दिलंत आणि त्याला विचारलंत, ओझं जड आहे का. आणि तो नाही म्हणाला, ते तुम्ही लिहून घेतलंत." त्यांनी रिपोर्ट मिटला. "आणि मी सही केली."

माझी बढती दोन वर्षं लांबली.

आठवड्यानं सुभेदार कचेरीत आले. सगळे कारकून दप्तरात तोंड घालून बसले. ते सरळ माझ्या टेबलापाशी आले. मी उभा राहिलो. त्यांनी हात जोडले. आवाज मात्र तोच, सगळ्या कचेरीला ऐकू जाणारा.

"देशपांडे, तुमचं उपकार झालं."

"माझे कसले?"

"मला समदं कळलंय. तुमी लिवलं मी येत न्हाई, म्हनून माजा अर्ज ऱ्हायला. तुमच्या जागी एकांदा हुशार मानूस असता तर मी घरीच बसलो असतो."

मागं कुणीतरी फसकन हसलं. ते बापूराव होते. नोकरीत त्यांना मी तेवढं एकदाच हसताना पाहिलं.

सुभेदारांनी पहिल्याच मीटिंगला वेठीविरुद्ध ठराव केला. वेठ बंद करणं बोर्डाच्या हातात नव्हतं. ते भांडत राहिले, अर्ज करत राहिले, वरच्या अंमलदारांच्या दारात जाऊन बसत राहिले. वेठ एकदम गेली नाही. आधी कापणीच्या दिवसांत थांबली, मग हळूहळू मजुरी द्यावी लागू लागली. पुढच्या फिरतीला मी वळकटी आणि दप्तर एवढंच नेलं. गार पाण्यानं अंघोळ केली. काही झालं नाही. सुभेदारांना शिव्या देणारे शेवटपर्यंत शिव्याच देत होते. त्यांतल्या कितीकांनी हिरव्या पेटीत चिठ्ठी टाकली होती, देव जाणे.

तीन वर्षांनी पुन्हा निवडणूक लागली, सुभेदार पुन्हा उभे. मामलेदार नवे होते. त्यांनी माझा जुना रिपोर्ट वाचला होता. त्यांनी मला बोलावून विचारलं, "देशपांडे, काय वाटतं, सुभेदार येतील?"

मी आता शहाणा झालो होतो. म्हटलं, "नक्की येतील साहेब."

त्यांनी मान हलवली आणि वर लिहून पाठवलं : 'येण्याचा संभव नाही.'

सुभेदार आले. या वेळी माझं बरोबर होतं, पण ते कुठंही लिहिलेलं नाही. तेव्हापासून निवडणुकीबद्दल कुणी माझं मत विचारलं, तर मी मतदान कोणत्या वारी आहे तेवढं सांगतो.